आयपी पत्ता आणि घराची राखण

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तंत्रज्ञान’ एवढाच विषय छापलेला आहे. एवढ्या मोठ्या शब्दाखाली काहीही बोलता येते आणि काहीच न बोलताही वेळ निभावून नेता येते. यास्तव मी त्यातील एकच लहानसा भाग आज घेणार आहे. तो निवडण्यास एक निमित्त घडले.

मागील महिन्यात एका शाळेच्या भेटीस गेलो असता तेथील एक बाई वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “साहेब, माझा आयपी ॲड्रेस कोणीतरी काढला आहे. आता माझे काय होईल?” दोन रात्री त्यांस झोप नव्हती. घरात त्यांनी कोणास सांगितले नव्हते. पंचवीस वर्षे मुलांना निर्भय व्हा म्हणून शिकविणारी ही बाई ज्या गोष्टीने एवढी भ्याली, ती गोष्ट म्हणजे काय, हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते. माझ्या बरोबरच्या दोघा गुरुजींनाही ते सांगता आले नाही. तेव्हा प्रथम ती गोष्ट काय आहे ते पाहू, आणि मग तिला कितपत भ्यावयाचे ते ठरवू.

आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो, त्या वेळी आपल्या मोबाइलाकडून दूरच्या एखाद्या संगणकाकडे मागणी जाते आणि तेथून उत्तर येते. हे जाणे-येणे अखंड धारेसारखे नसते. मजकुराची लहान लहान पुडकी पाडली जातात, आणि प्रत्येक पुडक्यावर दोन पत्ते घातले जातात, एक ज्याच्याकडे जावयाचे त्याचा व दुसरा जेथून निघाले त्याचा. वाटेवरील यंत्रे पुढचा पत्ता पाहून पुडके पुढच्या यंत्राकडे ढकलतात. टपालात पाठविणाऱ्याने आपला पत्ता न घातला तरी पत्र पोहोचते. येथे तसे चालत नाही, कारण उत्तर परत येण्यासाठी निघाल्या ठिकाणाचा पत्ता लागतोच. हा जो पत्ता, तोच आयपी पत्ता. त्याचे नियम १९८१ साली लेखी ठरले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील त्या वेळच्या संगणकजाळ्याने ती पद्धत स्वीकारली. आपल्या देशात सर्वसाधारण जनतेस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

पत्त्यास आकडे कशाला, नावे का नकोत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या टपालखात्याने पूर्वीच दिलेले आहे. एकाच नावाची गावे अनेक, लिप्या अनेक आणि हस्ताक्षरे तर विचारूच नका. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, आणि संस्कृत कवी म्हणूनही नावाजलेले. आकड्यांची ही शिस्त एका कवीने लावावी याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. पिनकोडाचा पहिला आकडा ४ असला की पत्र पश्चिमेकडील एका विभागात जावयाचे हे कळते, ४११ म्हटले की पुणे, ४०३ म्हटले की गोवा. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. त्यातील आरंभीचा भाग मोठे जाळे सांगतो आणि पुढील भाग त्या जाळ्यातील जागा सांगतो. आपण मात्र आकडे टाकीत नाही, नाव टाकतो, आणि नावावरून आकडा शोधून देणारी निराळी यंत्रणा मध्ये असते, गावात नवख्या माणसाला पोस्टमन घर दाखवितो तशी.

जुन्या पद्धतीच्या पत्त्यात चार आकडे असतात, मध्ये टिंबे असतात, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी एक असतो. येथे गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर एक गुणाकार करून दाखवावा. २५६ ला २५६ ने, पुन्हा २५६ ने व पुन्हा एकदा २५६ ने गुणले असता ४,२९,४९,६७,२९६ येतात. म्हणजे एवढेच पत्ते संभवतात. पृथ्वीवरील माणसे आठशे कोटींच्या वर, आणि एकेका माणसाजवळ दोन-दोन यंत्रे. हिशेब जुळणार कसा? तो जुळला नाहीच. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील मोकळे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आता नवी पद्धत आली आहे. तिच्यातील पत्ते ३४ वर ३७ शून्ये दिली म्हणजे होतील इतके आहेत. आपल्या मोबाइलात कधी आकडे व इंग्रजी अक्षरे यांची लांबलचक माळ दिसली, तर तो या नव्या पद्धतीचा पत्ता समजावा. आपल्या देशात मोबाइल जोडण्यांतून ही पद्धत पुष्कळ रूढ झालेली आहे. पण जुनी अद्याप गेलेली नाही, आणि तुटवड्याच्या काळात काढलेल्या युक्त्याही चालूच आहेत. आपल्या आजच्या विषयाचे मर्म या युक्त्यांतच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

पहिली युक्ती घरातील. एका घरात राउटर आहे आणि त्यावर चार मोबाइल व एक दूरचित्रवाणी संच चालतो. बाहेरच्या जगात या घराला बहुधा एकच पत्ता असतो. घरातल्या घरात मात्र राउटर प्रत्येकाला निराळा आकडा देतो. तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो. हे आकडे वर्गातील हजेरी-क्रमांकासारखे आहेत. पाचवा क्रमांक प्रत्येक शाळेत आहे, आणि त्या वर्गाबाहेर त्याला काही अर्थ नाही. शाळेचे टपाल ‘मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा’ या एकाच पत्त्यावर येते आणि मुख्याध्यापक ज्याचे त्याला देतात. बाहेरच्या माणसाला शाळा दिसते, पाचव्या क्रमांकाचा मुलगा दिसत नाही. तद्वत बाहेरच्या संगणकाला घर दिसते, घरातील माणूस दिसत नाही.

दुसरी युक्ती मोबाइल कंपन्यांची. जुन्या पद्धतीचा एकच पत्ता त्या एकाच वेळी शेकडो ग्राहकांत वाटतात आणि कोणाचे पुडके कोणते याची नोंद आपल्याकडे ठेवतात. शिवाय पत्ता कायमचा दिलेला नसतो. राउटर बंद करून चालू केला, मोबाइल एका गावातून दुसऱ्या गावी नेला, की पत्ता बदलू शकतो. एस. टी. च्या आसन-क्रमांकाशी याची तुलना करावी. चौदा क्रमांकाच्या आसनावर कोण बसले होते, असे नुसते विचारले तर उत्तर देता येणार नाही. कोणती गाडी, कोणती तारीख, सकाळचे सात की सायंकाळचे सात, हे कळले तरच आरक्षणाची नोंद पाहून उत्तर मिळेल. आणि ते मिळाले तरी ज्याच्या नावे आसन होते तोच त्यावर बसला होता, हे सिद्ध होत नाहीच. गावाकडच्या गाडीत तर आसन एकाचे आणि बसणारा दुसराच, हे आपण नित्य पाहतो!

वेळेची गोष्ट सहज म्हणून सांगितली नाही. परदेशी संगणकांतील नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तेथे दुपारचे तीन लिहिले असले तर आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. एवढा हिशेब चुकला की एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी बसावयास वेळ लागत नाही.

अशी चूक किती महाग पडते याचा दाखला आपल्या राज्यातीलच आहे. २००७ साली ‘ऑर्कुट’ या त्या वेळच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर कोणीतरी टाकला. संताप होणे साहजिकच होते. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याचा माग काढला, सेवा देणाऱ्या कंपनीने त्या पत्त्यावर कोण ग्राहक होता ते कळविले, आणि बंगळूर येथील एका तरुण संगणक-अभियंत्यास अटक झाली. पन्नास दिवसांच्या आसपास तो तुरुंगात होता. पुढे उघड झाले ते असे, की कंपनीने कळविलेली माहितीच चुकीची होती. तो पत्ता त्या तरुणाचा नव्हताच. हे पन्नास दिवस त्याला कोणी परत देऊ शकले नाही. शिकल्यासवरलेल्या, शहरात राहणाऱ्या माणसाची ही गत झाली, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा दाखला अमेरिकेतील कॅन्सस राज्याचा. आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणारे कोश असतात. ते कंपनी व साधारण शहर बरे सांगतात, घर सांगू शकत नाहीत. आपल्या खेड्यातून पाहिले असता ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ असे दिसते, हे आपणही पाहिले असेल. अशा एका कोशकाराने, ज्या पत्त्यांविषयी ‘अमेरिका’ यापलीकडे काही कळत नव्हते त्या सर्वांपुढे देशाच्या मध्याजवळचा एक ठोकळ बिंदू लिहून ठेवला. असे पत्ते सुमारे साठ कोटी भरले. तो बिंदू नेमका पॉटविन या लहान गावाजवळच्या एका शेतावर पडत होता. मग काय विचारता! हरवलेली मुले शोधीत पोलीस तेथे येत, कराचे अधिकारी येत, फसविले गेलेले लोक चिडून येत. त्या शेतावर राहणाऱ्यांस दहा-एक वर्षे हा जाच झाला आणि कारण काही कळेना. २०१६ साली उलगडा झाला, तेव्हा कोशकाराने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

हे दोन दाखले पुरेसे होते. परंतु तिसरा माझ्या स्वतःच्या वागणुकीचा आहे, आणि तो न सांगता खाली बसणे मला बरे वाटणार नाही.

एका तालुक्याच्या गावी माझे एक शिक्षकस्नेही राहतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा आळीतील पाच-सहा मुलांना मोबाइलवर अभ्यास करावयाचा होता आणि त्यांच्या घरी जोडणी नव्हती. गुरुजींनी आपल्या वाय-फायचा पासवर्ड त्या मुलांना देऊन टाकला. मुले ओट्यावर बसून पाठ पाहत. शिक्षकाने करावे असेच ते काम होते. शाळा पुन्हा भरल्या, मुले ओट्यावरून उठली, पासवर्ड मात्र तोच राहिला, आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेला. पुढे दोन वर्षांनी पोलीस दारात आले. एका स्त्रीच्या नावाने व छायाचित्राने कोणीतरी खोटे खाते काढून घाणेरडा मजकूर लिहिला होता, आणि त्या खात्यामागील आयपी पत्ता गुरुजींच्या जोडणीचा निघाला. घरात दहावीतला मुलगा. संशय दुसऱ्या कोणावर जाणार?

बापाने त्याला मारले. मग मला बोलावून नेले, मोठा माणूस म्हणून. मी त्याला समोर बसवून सांगितले, “खरे काय ते कबूल कर, म्हणजे प्रकरण येथेच मिटवू.” तो म्हणाला, “काका, मी नाही हो केले.” मी म्हणालो, “मग यंत्र खोटे बोलते काय?” यंत्र खोटे बोलले नव्हते. यंत्राने दार सांगितले होते आणि मी त्यावरून माणूस ठरविला होता. चौकशीस आलेला तरुण अधिकारी आम्हा दोघांहून शहाणा निघाला. त्याने पहिलाच प्रश्न केला, “तुमचा पासवर्ड कोणाकोणास ठाऊक आहे?” राउटरची यादी उघडून पाहता त्यात घरचे नव्हेत असे अकरा मोबाइल जोडलेले होते. पुढे ते कृत्य शेजारी भाड्याने राहणाऱ्या एका प्रौढ गृहस्थाचे ठरले. मुलगा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, आता महाविद्यालयात आहे. मी त्यांच्या घरी गेलो की तो पाणी आणून ठेवतो आणि आत निघून जातो.

आता घराची राखण कशी करावी ते सांगतो. हा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण कामे थोडी आहेत आणि एका दुपारी होण्यासारखी आहेत. राउटरला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. एक वाय-फायला जोडून घेण्याचा, दुसरा राउटरच्या आतल्या मांडणीत शिरण्याचा. दुसरा पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच असतो, आणि त्या जातीच्या प्रत्येक यंत्राला तोच असू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमाने याच आळसाचा फायदा घेतला. सुमारे साठ ठरीव नावे व पासवर्ड यांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाही, आणि जगभरातील लक्षावधी राउटर व घरगुती कॅमेरे त्याने अंकित करून घेतले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या झुंडीने केलेल्या हल्ल्यात अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास दुर्गम झाली. ज्यांची यंत्रे त्या झुंडीत होती त्यांना गंधवार्ताही नव्हती. तो प्रोग्रॅम रचणारे तिघे विशीतले तरुण होते. त्यांनी २०१७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला.

तेव्हा दोन्ही पासवर्ड बदलावे. वाय-फायचा निदान बारा अक्षरांचा असावा. आपला मोबाइल क्रमांक, मुलाचे नाव किंवा गावाचे नाव नसावे. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले तर लक्षात राहतात आणि परक्यास सुचत नाहीत. मांडणीत सुरक्षेचा प्रकार विचारला जातो, तेथे डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ असावा. बाहेरून मांडणीत शिरण्याची सोय असेल तर ती बंद करावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडण्याची सोय पुष्कळ राउटरांत असते. आळीतील मुलांना द्यावयाचे तर ते द्यावे, आणि काम संपले की बंद करावे. मुलांना देऊच नये, असे मी म्हणणार नाही. यातील काही जमत नसेल तर जोडणी देणाऱ्या माणसाला बोलावून समोर बसून करवून घ्यावे, आणि तो गेल्यावर पासवर्ड पुन्हा एकदा स्वतः बदलावा.

जाता जाता एक बोचरी गोष्ट. यू-डायसची माहिती भरण्याच्या दिवसांत एका शाळेचा पासवर्ड किती शाळांतून फिरतो, हे मला ठाऊक आहे आणि आपणांसही ठाऊक आहे. ज्याच्या नावे प्रवेश, त्याच्या नावे नोंद. चुकीची पटसंख्या दुसऱ्याने भरली तरी खुलासा आपणांस विचारला जाईल, आणि तो विचारणारा मीच असेन.

आता त्या बाईंकडे परत येऊ. त्यांस एका अनोळखी माणसाचा फोन आला होता. “तुमच्या आयपी ॲड्रेसवरून गुन्हा घडला आहे, कोणास सांगू नका, कॅमेऱ्यासमोर बसून राहा,” असा त्याचा दरारा. त्याने एक आकडाही वाचून दाखविला. बाईंनी तो आपल्या मोबाइलात ताडून पाहिला, आकडा जुळला, आणि त्यांचे हातपाय गळाले. परंतु आकडा जुळला म्हणून काय झाले? आपण जे जे पान उघडतो, त्या प्रत्येक ठिकाणी तो आकडा जातोच. गेल्यावाचून उत्तरच येत नाही. त्या माणसाने आधी एक दुवा पाठविला होता आणि बाईंनी तो उघडला होता. आकडा त्याला तेथेच मिळाला. चौदा क्रमांकाच्या आसनावर तुम्ही आहात, एवढे ओरडून सांगणाऱ्याच्या हाती तुमची पिशवी आलेली नसते. आकड्यावरून त्याला नाव कळत नाही, आधार क्रमांक कळत नाही, बँकेतील शिल्लक कळत नाही. कोणत्या ग्राहकाचा पत्ता हे कंपनीस ठाऊक असते, आणि ती ते कायद्याने मागणाऱ्या अधिकाऱ्यास सांगते. नाव त्या माणसाने निराळ्या मार्गाने मिळविलेले होते, आणि नाव व आकडा जवळ जवळ ठेवून त्याने भीती उभी केली होती.

‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी स्वतः ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील आपल्या भाषणातून ही गोष्ट देशास सांगितली. पोलीस व्हिडिओ-कॉलवर अटक करीत नाहीत, चौकशीसाठी कोणाच्या खात्यात पैसे भरावयास सांगत नाहीत, आणि घरच्यांस सांगू नका असेही म्हणत नाहीत. या शेवटच्या वाक्यावरूनच भामटा ओळखावा. बाईंनी पैसे पाठविले नव्हते. “पाठविणारच होते,” असे त्या म्हणाल्या.

यावरून हेही दिसेल की बहुतेक चोर आयपी पत्त्याच्या वाटेने आत येत नाहीत. आपणच दार उघडतो. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली की ती पत्रिका नसून मोबाइलात बसणारा प्रोग्रॅम असतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असली तर तिला हात लावू नये, मग ती सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आलेली का असेना, कारण आधी भावाचाच मोबाइल बाधलेला असू शकतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. ओटीपी विचारणारा कितीही गोड बोलला तरी तो परकाच. पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले म्हणजे मजकूर वाटेत कोणी वाचणार नाही एवढेच समजावे. लिफाफा बंद आहे. पलीकडे तो उघडणारा सज्जन आहे की नाही, ते कुलूप सांगत नाही. काही लोक आपला पत्ता लपविण्यासाठी फुकटचे व्हीपीएन घेतात. त्याने पत्ता दुसऱ्याचा दिसतो हे खरे, पण आपले सारे टपाल त्या फुकट्याच्या हातून जाऊ लागते, याचा विचार करावा.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. हा देशभर चालणारा सायबर फसवणुकीचा मदत-क्रमांक आहे. जितक्या लवकर कळविले जाईल, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची आशा अधिक. सकाळी पाहू, असे म्हणू नये. कोणत्या क्रमांकावरून फोन आला, किती वाजता, कोणत्या खात्यात किती रक्कम गेली, हे कागदावर लिहून ठेवावे आणि पडद्याची छायाचित्रे पुसून टाकू नयेत. लाजेपोटी पुष्कळ जण नेमके तेच पुसतात.

राहिला वर्गातील भाग. पाचवीपासून पुढच्या मुलांना हे खेळातून उत्तम कळते. मी स्वतः एका शाळेत करून पाहिले आहे. प्रत्येक बाकाला एक आकडा द्यावा, प्रत्येक बाकावर तीन मुले बसवावी, आणि बाकाच्या कडेचा मुलगा राउटर व्हावा. एका बाकावरील मुलाने दुसऱ्या बाकावर चिठ्ठी पाठवावयाची, परंतु तीवर फक्त बाकाचा आकडा घालावयाचा, नाव नाही. मग एखादी चिठ्ठी वाचून, ही कोणी लिहिली, असे विचारावे. मुले बाक सांगतात, आणि मग तिघांपैकी कोण यावरून भांडू लागतात. भांडण ऐन रंगात आले की थांबवावे आणि विचारावे, आता शिक्षा कोणाला करू? आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आधी कडेच्याला विचारा.” राउटरची नोंद पाहावी, हे त्या मुलीला कोणी शिकविले नव्हते.

मुलांना आणखी एक सांगावे, आणि ते पालकसभेत पालकांनाही सांगावे. मोबाइलात काही भलते घडले, कोणी घाबरविले, काही नको ते दिसले, तर मुलाने येऊन सांगावयाचे आणि सांगितल्याबद्दल त्याला मार मिळणार नाही. हे वचन मोठ्यांनी पाळले नाही तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही, आणि फोनवरचा परका माणूस ‘घरी सांगू नकोस’ म्हणेल तेव्हा ते त्याचेच ऐकेल. हे मी कशावरून म्हणतो ते आपण ऐकलेच आहे.

माझा वेळ संपत आला. बोलावयास उभे राहण्यापूर्वी या खोलीतून सहज दृष्टी फिरविली, तेव्हा माझ्या मागच्या भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याखाली, या शाळेच्या वाय-फायचा पासवर्ड खडूने लिहिलेला दिसला. शाळेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेतली आहे. चहा येईपर्यंत ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी राउटराजवळ यावे. दोन्ही पासवर्ड आपण सर्वांसमक्ष कसे बदलावयाचे ते पाहू. नवा मात्र मुख्याध्यापक एकटेच टाकतील.